काळाराम सत्याग्रहावरचे जुने लेख शोधताना सूची कशी वापरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी ‘काळाराम मंदिर सत्याग्रह आणि तत्कालीन मराठी नियतकालिके’ हा विषय घेतला आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा तो हा. ग्रंथालयाच्या संगणकावरील तालिकेत तिला सात-आठ पुस्तके मिळाली, आणि गुगलवर तीच ती माहिती फिरून फिरून समोर आली. मार्गदर्शकांनी ‘सूची पाहा’ एवढेच सांगितले. कोणती सूची, ती कुठे मिळते आणि ती पाहायची कशी, हे तिने विचारले आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी बरीच वर्षे गेली आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम तालिका आणि सूची यांतला फरक लक्षात घ्यावा लागेल, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. ग्रंथालयाची तालिका, मग ती जुन्या लाकडी खणांतल्या कार्डांची असो वा संगणकावरची, त्या ग्रंथालयाच्या मांडणीवर कोणते ग्रंथ आणि कोणते बांधीव खंड उभे आहेत एवढेच सांगते. एखाद्या मासिकाचा १९३० सालचा खंड आहे हे तिच्यावरून कळेल, पण त्या खंडातल्या शंभर लेखांपैकी मंदिरप्रवेशावर कोणता आहे हे ती सांगणार नाही, कारण ते तिचे कामच नाही. खंडाच्या पोटात शिरून एकेका लेखाची नोंद करणारे साधन म्हणजे सूची. तेव्हा तालिकेत ‘काळाराम सत्याग्रह’ असे टाइप करून सात पुस्तके मिळाली, याचा अर्थ विषयावर सातच साधने आहेत असा नाही. चुकीच्या दारावर थाप मारली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि पुढचे सगळे विवेचन तिच्याच आधाराने करणार आहे. सूची यंत्रासारखी आपोआप तयार होत नाही. कोणीतरी माणूस एकेक लेख हातात घेतो, हा कशाविषयी आहे याचा निर्णय करतो आणि त्या निर्णयाला आपल्या काळातला एक शब्द देतो. तुम्ही सूचीत शोधता तेव्हा खरे तर त्या माणसाने वापरलेला शब्द शोधत असता. तुमच्या तोंडी असलेला शब्द आणि त्याने वापरलेला शब्द एक नसेल, तर लेख तिथे असूनही तुम्हाला दिसणार नाही. म्हणून सूची उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि आपल्या विषयाचे सगळे शब्द, सगळ्या लेखनभेदांसह, त्यावर लिहून काढा. ग्रंथालयात जाण्याआधीचा हा एक तास पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

तुमच्याच विषयाचे उदाहरण घेऊ. आपल्या गावाचे नाव आज आपण ‘नाशिक’ लिहितो, पण जुन्या मराठी छपाईत ‘नासिक’ सर्रास आढळते, आणि इंग्रजी कागदपत्रांत तर स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ‘नासिक’ असेच वर्णलेखन चालत होते. त्याहून जुन्या इंग्रजी कागदांत ‘नॅसिक’ हा उच्चार दुहेरी ‘एस’ने लिहिलेला दिसतो. मोगलाईतले ‘गुलशनाबाद’ तुमच्या कामाचे नाही, पण पेशवाईपूर्वीच्या विषयावर काम करणाऱ्याने तेही कागदावर लिहावे. समाजवाचक शब्दांची गोष्ट याहून नाजूक आहे. आज आपण ‘दलित’ म्हणतो. १९३० मध्ये ‘दलितवर्ग’ हा प्रयोग होता, पण सूचीकाराने बहुधा ‘अस्पृश्य’, ‘अस्पृश्यता’, ‘बहिष्कृत’, ‘अंत्यज’ यांपैकी काहीतरी शीर्षक दिलेले असेल. सरकारी इंग्रजी कागदांत त्या वेळी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा शब्द चालत होता. ‘हरिजन’ हा शब्द गांधीजींमुळे रूढ झाला तो १९३२ नंतर, आणि ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा १९३५ च्या भारत सरकार कायद्याबरोबर आली. म्हणजे १९३० च्या मार्चमधली बातमी ‘हरिजन’ या शब्दाखाली शोधणे व्यर्थ आहे, पण १९३३ नंतरच्या लेखांसाठी तो शब्द टाळताही येणार नाही. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके जगभरची मोठी ग्रंथालये वापरतात. त्यांतही जुने शीर्षक जाऊन ‘दलित’ हे शीर्षक आले, त्यामुळे परदेशी तालिकेत दोन्ही शब्दांखाली पाहणे शहाणपणाचे आहे. यांतले काही शब्द आज उच्चारतानाही क्लेश होतात, हे मला ठाऊक आहे. परंतु ते शोधल्याशिवाय ज्यांनी तो अन्याय सोसला आणि त्याविरुद्ध लढा दिला त्यांच्या नोंदींपर्यंत पोहोचता येत नाही.

व्यक्तिनामांचेही तसेच. ‘आंबेडकर’ आणि ‘अंबेडकर’ ही दोन्ही रूपे जुन्या छपाईत आहेत, आणि वर्णानुक्रमात एक ‘आ’मध्ये तर दुसरे ‘अ’मध्ये जाते. छापील सूचीत या दोन नोंदींमध्ये दहा पानांचे अंतर असू शकते. सत्याग्रहाचे नाशिकमधील नेते आपल्याला दादासाहेब गायकवाड म्हणून परिचित आहेत, पण सूचीत ते ‘गायकवाड, भाऊराव कृष्णराव’ असे असतील आणि इंग्रजी कागदांत ‘बी. के. गायकवाड’ असतील. आडनाव आधी की नाव आधी, याबद्दल मराठीत आजही एकवाक्यता नाही. संतांच्या आणि जुन्या कवींच्या बाबतीत नावानेच नोंद करण्याची रीत आहे, आधुनिक लेखकांच्या बाबतीत आडनावाने, आणि टोपणनाव असेल तर सूचीकाराच्या मताप्रमाणे. आपल्या गावातलेच उदाहरण द्यायचे तर, काही सूचींत तात्यासाहेबांचे लेखन ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली मिळेल, काहींत ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नावाखाली, आणि कविता एकीकडे व नाटके दुसरीकडे असेही आढळेल. चांगला सूचीकार एका नावावरून दुसऱ्या नावाकडे ‘पाहा’ अशी सूचना देतो, आणि जवळच्या विषयाकडे ‘हेही पाहा’ अशी. नवखा वाचक या सूचना वगळून पुढे जातो. त्या वगळू नका. ‘मंदिरप्रवेश – पाहा: देवालये’ अशी एक ओळ वाचल्याने सगळा शोध बदलतो.

आता काळाविषयी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. या विषयावर काम करणारे विद्यार्थी स्वाभाविकपणे प्रथम बाबासाहेबांनी चालवलेल्या वृत्तपत्रांकडे वळतात, आणि तिथे त्यांना मोठी पोकळी आढळते. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले. ‘जनता’ सुरू झाले ते १९३० च्या नोव्हेंबरात. सत्याग्रहाचे पहिले आठ-नऊ महिने नेमके या दोहोंच्या मधल्या खिंडीत येतात. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केलेले आहेत आणि ते अवश्य वाचावेत, कारण मंदिरप्रवेशाविषयीची भूमिका कशी घडत गेली ते त्यांतून कळते. पण २ मार्चचा वृत्तान्त त्यांत शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे. नियतकालिक कधी सुरू झाले, कधी बंद पडले, कधी साप्ताहिकाचे दैनिक झाले, ही माहिती नियतकालिकांच्या सूचीत आधी पाहून घ्यावी आणि मग खंड मागवावा. हा क्रम उलटा झाला की कपाटाजवळचे श्रम दुप्पट होतात.

शकाचा घोटाळाही इथेच सांगून ठेवतो. अनेक जुन्या मासिकांवर आणि त्यांच्या वार्षिक सूचींवर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की सन येतो, असे आपण शाळेत शिकलो आहोत. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा शके १८५१ चा फाल्गुन चालू होता, आणि महिनाभरात चैत्र लागून शके १८५२ सुरू झाले. रथोत्सवाच्या वेळचा संघर्ष चैत्रातला आहे. म्हणजे एकाच आंदोलनाचे पहिले दोन महिने शकाने दोन वेगळ्या वर्षांत विभागले गेले आहेत, आणि मासिकाचा खंड चैत्रात सुरू होत असेल तर ते दोन वेगळ्या बांधीव खंडांत मिळतील. फक्त १८५२ चा खंड मागवणाऱ्याला आरंभच सापडत नाही.

याच काळाने आणखी एक अडचण निर्माण केली आहे. नाशिकचा सत्याग्रह सुरू झाल्यावर दहाच दिवसांनी, १२ मार्च १९३० रोजी, गांधीजी दांडीयात्रेला निघाले. त्यामुळे त्या वर्षीच्या कोणत्याही सूचीत ‘सत्याग्रह’ या एका शब्दाखाली पाहिले तर मिठाच्या सत्याग्रहाच्या नोंदींची रांग लागते आणि नाशिकची नोंद त्यात बुडून जाते. इथे शब्द जोडून शोधावे लागते. संगणकावरच्या सूचीत ‘सत्याग्रह’ आणि ‘नासिक’ हे दोन्ही शब्द असलेल्याच नोंदी मागता येतात, किंवा ‘मीठ’ असलेल्या नोंदी वगळता येतात. छापील सूचीत ते काम आपल्या डोळ्यांनी करायचे असते. शिवाय १९३० च्या एप्रिलअखेरीस सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम काढला आणि अनेक पत्रांनी जामीन भरण्यापेक्षा प्रकाशन थांबवणे पसंत केले. तेव्हा एखाद्या पत्राचे मे-जूनचे अंक खंडात नसतील तर ते ग्रंथालयाने हरवले असे लगेच गृहीत धरू नका. ते अंक मुळात निघालेच नसण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर ती गोष्ट तुमच्या प्रबंधिकेत नोंदवण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष साधने. मराठी ग्रंथांसाठी पहिला आधार म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा भाग १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांचा आहे. एका माणसाने गावोगावची ग्रंथालये धुंडाळून, ग्रंथ प्रत्यक्ष पाहून हे काम उभे केले. आज संगणकासमोर बसून आपण जे काही करतो ते त्याच्या तुलनेत किती सोपे आहे, हे ती सूची हातात घेतल्यावरच कळते. तुमच्या विषयावर त्या काळी निघालेल्या छोट्या पुस्तिका, भाषणांच्या चोपड्या, सनातनी पक्षाच्या बाजूने आणि सुधारकांच्या बाजूने छापलेली पत्रके यांपैकी ज्यांनी ग्रंथाचे रूप घेतले ती तिथे मिळण्याची शक्यता आहे. त्यासाठी तिचे विषयवर्गीकरण आधी समजून घ्या. धर्म, समाज आणि राजकारण या तिन्ही ठिकाणी पाहावे लागेल, कारण मंदिरप्रवेशाची पुस्तिका यांतल्या कोणत्या वर्गात बसवायची याचा निर्णय त्या पुस्तिकेचा सूर पाहून झालेला असणार. लेखांसाठी १८०० ते १९५० या काळाची ‘मराठी नियतकालिकांची सूची’ आहे, आणि तिच्यामागेही दात्यांचेच श्रम आहेत. ही दोन्ही साधने आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथालयांत विचारून पाहा. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय हा त्यासाठी पहिला थांबा ठेवावा.

कोणतीही सूची हातात आली की आधी प्रस्तावना वाचा. सूचीची प्रस्तावना कोणी वाचत नाही, आणि मग नोंदीतल्या खुणा कळत नाहीत म्हणून तक्रार होते. कोणती नियतकालिके घेतली, कोणती वगळली, संपादकीये आणि वाचकांची पत्रे धरली की नाही, पुस्तकपरीक्षणे कुठे ठेवली, संक्षेप कसे केले, हे सगळे तिथे असते. तुमच्या विषयासाठी संपादकीये आणि पत्रव्यवहार यांना सर्वांत जास्त मोल आहे, आणि सूचीकार नेमके तेच बहुधा वगळतात. प्रस्तावनेत तसे लिहिलेले असेल, तर ‘सूचीत काही नाही’ या निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

वर्णानुक्रमही सूचीगणिक बदलतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही ठिकाणी अगदी शेवटी असतात, तर काही ठिकाणी ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जोडाक्षरे म्हणून. अनुस्वारयुक्त अक्षर कुठे साध्या अक्षराच्या आधी येते, कुठे नंतर. ‘मंदिर’ हा तुमचा मुख्य शब्दच अनुस्वाराचा आहे. तो ‘मकर’च्या आधी सापडला नाही तर ‘मौ’ संपेपर्यंत पाने उलटून पाहावे. शिवाय ‘देऊळ’, ‘देवालय’, ‘देवस्थान’ हे पर्यायही तुमच्या कागदावर असू द्यात.

मासिकांच्या स्वतःच्या वार्षिक सूचीचा उपयोग फार कमी लोक करतात. अनेक जुनी मासिके खंडाच्या शेवटच्या अंकात, किंवा पुढच्या खंडाच्या पहिल्या अंकासोबत सुटे पान म्हणून, वर्षभराच्या लेखांची सूची देत असत. बांधणीकार कित्येकदा अंकांची मुखपृष्ठे, जाहिरातींची पाने आणि त्याबरोबर ही सुटी सूचीही काढून टाकत. म्हणून एका ग्रंथालयाच्या खंडात सूची नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाच्या त्याच खंडात ती असू शकते. ‘विविधज्ञानविस्तार’सारखे मासिक १८६७ पासून १९३७ पर्यंत चालले. त्याचे एकेक पान उलटण्यापेक्षा खंडामागून खंड सूची पाहत गेल्यास सत्याग्रहाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत अस्पृश्यतेवर काय काय आले याचा अंदाज एका दुपारी येतो.

वृत्तपत्रांची मात्र पंचाईत आहे. मराठी दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या मजकुराची विषयवार सूची जवळजवळ नाहीच. इथे मी विद्यार्थ्यांना नेहमी एक वळणाचा मार्ग सांगतो, आणि तो फार क्वचित फसतो. ज्या वृत्तपत्राची सूची नाही त्याच्यासाठी दुसऱ्याच्या सूचीतून तारीख मिळवा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे जुने अंक संगणकावर शोधता येतील अशा रूपात मोठ्या ग्रंथालयांतून उपलब्ध आहेत. त्यात ‘नासिक’चे जुने इंग्रजी वर्णलेखन आणि ‘टेंपल’ हे शब्द एकत्र शोधून घटनांच्या तारखांची यादी करा: सत्याग्रहाचा आरंभ, रथाचा दिवस, अटका, सभा, तडजोडीच्या बैठका. मग त्या तारखा घेऊन मराठी पत्राच्या खंडाकडे जा. ‘केसरी’ त्या वेळी दैनिक नव्हता, त्यामुळे घटनेनंतरचे दोन-तीन अंक पाहावे लागतील, आणि अग्रलेख बातमीनंतर आणखी एका अंकाने येऊ शकतो. येवल्याच्या परिषदेतली बाबासाहेबांची १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा हा तुमच्या अभ्यासाचा शेवट असेल, तर तिच्यासाठीही हीच पद्धत उपयोगी पडेल, कारण त्या घोषणेवर मराठी पत्रांनी पुढे कित्येक आठवडे लिहिले.

सरकारनेही आपल्यासाठी नकळत एक सूची करून ठेवली आहे. मुंबई इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा गोषवारा इंग्रजीत तयार करून तो सरकारला सादर होत असे. हे अहवाल राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेले आहेत, त्यामुळे त्यांतला सारांश हा पुरावा म्हणून उद्धृत करू नये. मूळ मराठी अंकापर्यंत पोहोचण्याचा पत्ता म्हणून मात्र त्यांना तोड नाही. त्याचप्रमाणे महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीविषयीच्या मूळ साधनांचा जो पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात पोलिसी अहवाल आणि वृत्तपत्रांतील उतारे एकत्र मिळतात. त्याची सूची आणि तळटिपा यांतून तुम्हाला पुढच्या शोधाचे कित्येक धागे मिळतील. मंदिराची, पंचवटीची आणि घाटांची पार्श्वभूमी हवी असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड १८८३ मध्ये निघाला, तो पाहा. त्याच्या अखेरच्या सूचीत स्थळनामे आहेत.

पुस्तकाच्या मागची सूची आणि तळटिपा यांना कमी लेखू नका. तुमच्याजवळच्या सात-आठ पुस्तकांपैकी ज्यांना नामसूची आहे ती आधी घ्या, ‘नाशिक’, ‘गायकवाड’, ‘मंदिरप्रवेश’ या नोंदींची पाने उघडा, आणि तिथल्या प्रत्येक तळटिपेतले मूळ साधन वेगळ्या कार्डावर उतरवा. तीन लेखकांनी एकाच अंकाचा हवाला दिला असेल तर तो अंक महत्त्वाचा आहे. मराठी प्रकाशक सूची छापण्याबाबत अजूनही उदासीन आहेत. संशोधनपर ग्रंथाला सूची नसणे हा मला वाचकावर केलेला अन्याय वाटतो.

संगणकावरच्या सूचींबद्दल थोडे. ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. तिथे आपल्या विषयाजवळचा प्रबंध मिळाला तर आधी त्याची संदर्भसूची वाचा, प्रकरणे नंतर. इंग्रजी लेखांसाठी जेस्टोर हे संशोधनपत्रिकांचे संगणकीय भांडार आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक आहेत. उद्धरण सूची ही वेगळ्या प्रकारची आहे आणि तिचा उपयोग जरूर शिकून घ्या. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून विज्ञानासाठी ती नियमित काढली. तिच्यामागची कल्पना अशी की तळटिपा आपल्याला मागे नेतात, पण एखाद्या लेखाचा हवाला नंतर कोणी कोणी दिला हे कळले तर पुढेही जाता येते. गुगल स्कॉलरवर लेखाखाली हवाल्यांचा आकडा दिसतो, त्यावर टिचकी दिली की हेच मिळते. मराठी लेखनाची नोंद तिथे फार विरळ आहे, हे मात्र विसरू नका.

स्कॅन केलेल्या मराठी मजकुरात शब्द शोधताना आपल्या भाषेचे व्याकरण आडवे येते. सूचीतले शीर्षक ‘नाशिक’ असते, पण बातमीत ‘नाशकात’, ‘नाशकास’, आणि जुन्या लेखनात ‘नाशकांत’ असते. ‘नाशिक’ ही अक्षरे टाइप केली तर हे तिन्ही निसटतात. ‘देऊळ’चे ‘देवळात’ होते, ‘काळाराम’चे ‘काळारामाच्या’. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजाग आहेत, आणि छपाईचा जुना खिळा (टाइप) वाचताना यंत्र जोडाक्षरांत चुका करते. म्हणून पूर्ण शब्दाऐवजी त्याचा न बदलणारा तुकडाच शोधावा, आणि तरीही जे मिळाले नाही ते नाहीच असे मानू नये.

शब्दांची ही अडचण इतिहासापुरती नाही. काही वर्षांपूर्वी द्राक्षाच्या रोगावर माहिती शोधणारा एक कृषी पदविकेचा विद्यार्थी माझ्याकडे आला होता. दिंडोरी-निफाडकडचा शेतकरी ‘डाऊनी’ म्हणतो, कृषी विभागाच्या पत्रकात ‘केवडा’ असते, आणि आंतरराष्ट्रीय कृषी सूचीत नोंद असते ती ‘प्लास्मोपारा विटिकोला’ या बुरशीच्या नावाखाली. तिसरे नाव कळल्यावर त्याला एका तासात मिळाले ते आधीच्या पंधरवड्यात मिळाले नव्हते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका संशोधकाला मी एका मासिकाबद्दल ‘यात तुमच्या विषयावर काही नाही’ असे ठामपणे सांगितले होते. मी एकच शीर्षक पाहिले होते आणि ‘हेही पाहा’ ही सूचना ओलांडून गेलो होतो. त्याच खंडात दोन लेख होते, हे मला पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी तो खंड उघडल्यावर दिसले. तोवर त्याचा प्रबंध सादर झाला होता. तेव्हापासून मी शोधवही ठेवू लागलो आणि तुम्हीही ठेवावी असा माझा आग्रह आहे. सूचीचे नाव, तिचा भाग, कोणत्या शब्दांखाली पाहिले, कोणत्या काळासाठी, आणि काय मिळाले, हे तारखेनिशी लिहा. काही मिळाले नाही तेही लिहा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘हे पाहिले का?’ असे विचारल्यावर स्मरणावर विसंबून राहावे लागत नाही.

नोंद उतरवताना ती पूर्ण उतरवा. लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष किंवा खंड, अंक, महिना, सन किंवा शक, पृष्ठे, आणि ही नोंद कोणत्या सूचीच्या कोणत्या पानावर मिळाली. पुष्कळदा सूचीत छपाईची चूक असते, अंक सहावा असतो आणि नऊ छापलेले असते. सूचीचे पान लिहून ठेवलेले असेल तर चूक आपली की सूचीची, हे ठरवता येते. आणि नोंद मिळाली म्हणजे लेख मिळाला असे समजून सूचीतूनच संदर्भ देऊ नका. मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो हवाला तुमचा होत नाही.

बाहेरगावी जाण्याची वेळ येईलच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले महाराष्ट्र राज्य अभिलेखागार ही मुंबईतली, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ हे पुण्यातले ठिकाण तुमच्या यादीत असू द्या. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतायचे म्हटले तर हातात जेमतेम पाच-सहा तास मिळतात. त्या वेळात सूची पाहत बसू नका. सूचीचे काम नाशिकमध्येच पूर्ण करा, ग्रंथालयनिहाय वेगळी यादी करा, आणि हवे असलेले खंड आठवडाभर आधी कळवून ते बाहेर काढता येतील का, त्यांची स्थिती छायाचित्र घेण्याजोगी आहे का, हे विचारून घ्या. जीर्ण खंडाची झेरॉक्स कोणतेही ग्रंथालय करू देणार नाही आणि देऊही नये. महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र जवळ ठेवा. अभिलेखागारात त्याशिवाय अडचण येऊ शकते.

प्रत्येक ठिकाणी संदर्भ विभागातल्या माणसाला आपली शब्दांची यादी दाखवा. ‘काळाराम सत्याग्रहावर काही आहे का?’ या प्रश्नाला तो फार तर दोन पुस्तके दाखवील. ‘मार्च ते जून १९३० या काळातील कोणती मराठी नियतकालिके तुमच्याकडे बांधीव आहेत, आणि त्यांच्या वार्षिक सूची शिल्लक आहेत का?’ असे विचारलेत, तर तो उठून तुमच्याबरोबर मांडणीपर्यंत येईल.